टकरीच्या डेटातून कण कसा शोधतात: नागपुरात बसून करून पाहण्याची पद्धत

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाने नोव्हेंबर २०१४ मध्ये आपला डेटा सगळ्यांसाठी खुला करायला सुरुवात केली. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात एमएस्सी करणाऱ्या मुलीला आज त्या टकरींच्या फाइली आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतात. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, कोणाचं पत्र लागत नाही. तरी आपल्याकडे भौतिकशास्त्राची बरीच मुलं कणभौतिकी पुस्तकात वाचतात, परीक्षेत लिहितात आणि खऱ्या टकरीचा एक आकडाही न पाहता पदवी घेऊन बाहेर पडतात. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख करून पाहण्यासाठी लिहिला आहे.

काम एकच घेऊ: दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) असलेल्या घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, गोळा करायच्या, प्रत्येक जोडीचं वस्तुमान काढायचं, त्याचा आलेख मांडायचा आणि त्यातली शिखरं ओळखायची. शिखर दिसायला एक संध्याकाळ पुरते. पुढचे आठवडे जातात ते वेगळ्याच प्रश्नात: या शिखरावर विश्वास का ठेवायचा? आमच्याकडे एका विद्यार्थ्याने पहिला आलेख आला त्या दिवशीच विचारलं होतं, "सर, शिखर तं दिसून राहिलं, आता झालं ना?" प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचं काम तिथून सुरू होतं, आणि या लेखाचा मोठा भागही त्यावरच आहे.

डेटा तयार कसा होतो

लार्ज हॅड्रॉन कोलायडर ही जमिनीखालची सुमारे २७ किलोमीटर परिघाची वर्तुळाकार यंत्रणा. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत उलट दिशांनी फिरतात. झोत सलग नसतो, त्यात प्रोटॉनांचे गठ्ठे असतात आणि एकेका गठ्ठ्यात सुमारे १०० अब्ज प्रोटॉन. हे गठ्ठे ठरलेल्या चार ठिकाणी एकमेकांतून जातात, दर २५ नॅनोसेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त चार कोटी वेळा. २०१०-११ मध्ये टकरीची ऊर्जा ७ टीईव्ही (टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक) होती, २०१२ मध्ये ८, २०१५ पासून १३ आणि २०२२ पासून १३.६. खुला डेटा उघडाल तेव्हा तो कोणत्या वर्षाचा आहे ते आधी वहीत लिहा. पुढची जवळजवळ प्रत्येक संख्या त्यावर अवलंबून असते.

गठ्ठे एकमेकांतून जाताना एकच टक्कर होत नाही. २०१२ मध्ये एका वेळी सरासरी वीसेक टकरी होत असत, नंतरच्या वर्षांत त्याहून जास्त. याला पाइलअप म्हणतात. आपल्याला हवी असलेली टक्कर या गर्दीतून वेगळी काढावी लागते.

टकरीभोवती डिटेक्टर असतो. सीएमएस २१ मीटर लांब, १५ मीटर व्यासाचा आणि १४,००० टनांचा आहे. सगळ्यात आत सिलिकॉनचा ट्रॅकर, जो विद्युतभारित कणांचे मार्ग टिपतो. त्याबाहेर लेड टंगस्टेटच्या सुमारे ७६,००० स्फटिकांचा कॅलोरीमीटर, तो इलेक्ट्रॉन आणि फोटॉन पूर्ण थांबवून त्यांची ऊर्जा मोजतो. त्याबाहेर हॅड्रॉनांसाठीचा, म्हणजे प्रोटॉनसारख्या क्वार्कांनी बनलेल्या कणांसाठीचा, कॅलोरीमीटर, मग ३.८ टेस्लाचं अतिवाहक चुंबक, आणि शेवटी लोखंडाच्या थरांमध्ये बसवलेले म्यूऑन कक्ष. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असतो, वाटेत फार कमी ऊर्जा गमावतो, आणि एवढं लोखंड पार करून बाहेर पोचणारा विद्युतभारित कण बहुतेक वेळा तोच असतो. सुरुवात म्यूऑनपासून करा असं मी सांगतो ते याच कारणासाठी. त्याची ओळख सगळ्यात स्वच्छ असते.

हे म्यूऑन काही जिनिव्हाचेच नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे तयार होणारे म्यूऑन जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या दराने पडत असतात, महालातल्या गच्चीवर आणि धंतोलीतल्या अंगणातही. झोत नियमित सुरू होण्याआधी, २००८ मध्ये, सीएमएसने सुमारे २७ कोटी वैश्विक म्यूऑन नोंदवले आणि डिटेक्टरचे भाग नेमके कुठे बसले आहेत याची तपासणी त्यांच्यावर केली.

ही तपासणी किती बारीक असावी लागते ते एका हिशोबातून कळेल. चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कणाचा मार्ग वळतो. झोताला लंब असलेला संवेग जीईव्हीमध्ये (टीईव्हीचा हजारावा भाग; कणभौतिकीत संवेग आणि वस्तुमानही याच एककात मोजतात) घेतला तर तो साधारण ०.३ गुणिले टेस्लामधलं क्षेत्र गुणिले मीटरमधली त्रिज्या एवढा येतो. म्हणजे ४५ जीईव्हीच्या म्यूऑनची त्रिज्या जवळजवळ ४० मीटर. ट्रॅकरची त्रिज्या मात्र १.१ मीटरच्या आसपास, आणि तेवढ्या अंतरात मार्ग सरळ रेषेपासून हटतो फक्त चार मिलिमीटर. त्या चार मिलिमीटरवरून संवेग एक-दोन टक्के अचूकतेने काढायचा असेल तर सिलिकॉनची प्रत्येक पट्टी कुठे आहे हे मायक्रोमीटरमध्ये माहीत हवं. पहिल्यांदा हा हिशोब केला की "म्यूऑनचा संवेग" हे दोन शब्द पुन्हा हलकेपणाने लिहिवत नाहीत.

जे कधी लिहिलंच गेलं नाही: ट्रिगर

एका घटनेची नोंद साधारण एक मेगाबाइटची. सेकंदाला चार कोटी घटना लिहायच्या म्हटलं तर सेकंदाला ४० टेराबाइट. हे शक्य नाही आणि गरजेचंही नाही, कारण बहुतेक टकरी अगदी ओळखीच्या असतात. १३ टीईव्हीला अंदाजे दीड अब्ज टकरींमागे एक हिग्ज बोसॉन तयार होतो. म्हणून घटना ठेवायची की टाकायची हा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो.

सीएमएसमध्ये तो दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा. तो चार मायक्रोसेकंदांच्या आत ठरवतो आणि चार कोटींमधून सेकंदाला सुमारे एक लाख घटना पुढे पाठवतो. दुसरा टप्पा हजारो प्रोसेसरांवर चालणाऱ्या प्रोग्रामचा. तो एक लाखातून काहीशे ते हजारभर घटना निवडतो. उरलेलं कायमचं गेलं. ते परत मागवता येत नाही.

विद्यार्थी या भागावरून भरभर पुढे जातात. मी इथे थांबायला सांगतो, कारण तुमच्या हातात आलेली प्रत्येक फाइल या चाळणीतून आलेली असते आणि चाळणीचा आकार तुमच्या आलेखात उमटतो. २०१२ मध्ये एका प्रसिद्ध ट्रिगरची अट होती: एका म्यूऑनचा लंब संवेग किमान १७ जीईव्ही आणि दुसऱ्याचा किमान ८. असे दोन म्यूऑन अगदी विरुद्ध दिशांनी निघाले तर त्यांच्या जोडीचं वस्तुमान किमान २३ जीईव्हीच्या आसपास येतं. त्याहून हलक्या जोड्या या अटीतून जायच्या तर म्यूऑन एकमेकांजवळ असायला हवेत. परिणामी वीस-तीस जीईव्हीच्या पट्ट्यात आलेखाचा उतार बदलू शकतो, फुगवटाही दिसू शकतो, आणि त्यामागे कोणताही नवा कण नसतो. आलेखात काहीही वेगळं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारा: या जागी ट्रिगरची एखादी अट बसते का?

त्याच वर्षी सीएमएसने आणखी एक चांगली गोष्ट केली. ट्रिगरमधून निवडलेल्या पण लगेच प्रक्रिया करायला संगणक पुरणार नाहीत अशा जास्तीच्या घटना नुसत्या साठवून ठेवल्या आणि यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना त्यांच्यावर काम केलं. अशा डेटाच्या नावात "पार्क्ड" हा शब्द येतो. खाली सांगितलेली मोठी फाइल त्यातलीच आहे.

लिहिलेल्या घटनांमधून कणांचे मार्ग आणि ऊर्जा पुन्हा उभ्या करणं, म्हणजे पुनर्रचना, हे काम जगभर पसरलेल्या संगणकांच्या ग्रिडवर चालतं. भारतात सीएमएससाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि अॅलिस प्रयोगासाठी कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये त्याची केंद्रं आहेत. ज्या वेळी डिटेक्टरचा एखादा भाग बंद होता किंवा बिघडलेला होता तो काळ वगळून "चांगल्या" कालखंडांची यादी जाहीर केलेली असते. कच्च्या फाइली वापरणार असाल तर ती यादी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी एक घटना हाताने

संगणक उघडण्यापूर्वी कॅल्क्युलेटर घ्या. प्रत्येक म्यूऑनसाठी तीन संख्या लागतात. पीटी म्हणजे झोताला लंब असलेला संवेग. फाय म्हणजे झोताभोवतीचा कोन. ईटा म्हणजे कण झोताच्या दिशेकडे किती झुकला आहे त्याचं माप: झोताला काटकोनात निघाला तर शून्य, झोताकडे झुकत गेला तसा मोठा. सीएमएसचे म्यूऑन कक्ष साधारण २.४ ईटापर्यंत पाहतात.

दोन म्यूऑन एकाच कणाच्या विघटनातून आले असतील तर त्या मूळ कणाचं वस्तुमान असं निघतं. दोन्ही पीटींचा गुणाकार करून दुप्पट करा. ईटांमधल्या फरकाच्या कॉशमधून (हायपरबोलिक कोसाइन) फायमधल्या फरकाचा कॉस वजा करा. या दोन संख्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. म्यूऑनचं स्वतःचं वस्तुमान इथे दुर्लक्षित केलं आहे. जोडीचं वस्तुमान दोन-तीन जीईव्हीच्या वर असेल तर चालतं. त्याखाली उतरायचं असेल तर पूर्ण सूत्र वापरा.

समजा, पीटी ४६ आणि ४२, ईटांचा फरक ०.५, फायचा फरक ३.० रेडियन. दुप्पट गुणाकार ३८६४. कॉश १.१२८, कॉस उणे ०.९९०, म्हणजे कंस २.११८. गुणाकार सुमारे ८१८२, वर्गमूळ ९०.५ जीईव्ही. झेड बोसॉनचं वस्तुमान ९१.१९ आहे.

आता पीटी ८ आणि ६, ईटांचा फरक ०.३, फायचा फरक ०.३३. दुप्पट गुणाकार ९६, कंस ०.०९९, वर्गमूळ ३.०९ जीईव्ही. इथे जे-साय बसतो, त्याचं वस्तुमान ३.०९७.

दोन्ही उदाहरणांतले कोन पाहा. जड कणातून आलेले म्यूऑन जवळजवळ विरुद्ध दिशांनी गेले, हलक्या पण वेगवान कणातून आलेले शेजारी शेजारी निघाले. ही नजर बसली की घटनेचं चित्र पाहूनच वस्तुमानाचा अंदाज यायला लागतो. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये ठेवा. आणि फायचा फरक पायपेक्षा मोठा आला तर काही बिघडलेलं नाही, कॉस ते सांभाळून घेतो.

मग संगणकावर

सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर दोन फाइली शोधा. पहिली, २०११ मधल्या दोन-म्यूऑन घटनांची सीएसव्ही. तिच्यात एक लाख घटना आहेत, वस्तुमान २ ते ११० जीईव्ही. कोणत्याही लॅपटॉपवर पायथनमधलं पंडास वापरून ती सहज उघडते. जोडीच्या वस्तुमानाचा स्तंभ तिच्यात तयार आहे, पण तो आधी वापरू नका. स्वतःचं सूत्र लिहा, वस्तुमान काढा, मग त्या स्तंभाशी ताडून पाहा. जुळलं की सूत्र बरोबर लिहिलं याची खात्री होते.

दुसरी, २०१२ च्या पार्क्ड डेटातून म्यूऑनांची माहिती तेवढी वेगळी काढलेली रूट (कणभौतिकीत वापरला जाणारा प्रोग्राम) फाइल. सहा कोटींहून जास्त घटना, आकार सुमारे दोन जीबी. घरच्या इंटरनेटवर रात्री लावून ठेवा किंवा कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत उतरवून पेनड्राइव्हवर आणा. ही वाचायला रूट किंवा पायथनमधलं अपरूट लागेल. सगळी फाइल एकदम मेमरीत भरू नका, तुकड्या-तुकड्याने वाचा. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मे महिन्यात दुपारी हे काम चालवलं तर मशीन तापून रेंगाळतं. सकाळी लावा, किंवा गुगल कोलॅबवर चालवा.

निवड सोपी ठेवा: घटनेत नेमके दोन म्यूऑन, आणि त्यांचे विद्युतभार विरुद्ध. वस्तुमान काढा आणि हिस्टोग्राम मांडा. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक ठेवा, नाहीतर डावीकडचं सगळं एका रेषेत चिकटेल.

मोठ्या फाइलमध्ये डावीकडून उजवीकडे जाताना ही शिखरं भेटतील: ०.७८ च्या आसपास ऱ्हो आणि ओमेगा, १.०२ ला फाय नावाचा मेसॉन, ३.१ ला जे-साय, ३.६९ ला त्याचा उत्तेजित भाऊ, ९.४६ पासून पुढे अप्सिलॉनची तीन शिखरं, आणि ९१ ला झेड. जे-साय नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रूकहेव्हन आणि स्टॅनफर्ड अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला आणि त्यासाठी सॅम्युअल टिंग व बर्टन रिश्टर यांना १९७६ चं नोबेल मिळालं. अप्सिलॉन १९७७ मध्ये फर्मीलॅबमध्ये सापडला. झेड १९८३ मध्ये सर्नमध्ये, आणि त्यासाठी कार्लो रुबिया व सायमन व्हान डर मेर यांना १९८४ चं नोबेल. ही सगळी शिखरं एकाच आलेखात, आपण स्वतः लिहिलेल्या वीस-पंचवीस ओळींतून वर येतात. हे पाहताना मुलं गप्प होतात, आणि मीही दर वेळी तेवढ्याच आनंदाने पाहतो.

शिखराखाली काय आहे

शिखराच्या जागी मोजलेल्या सगळ्या जोड्या त्या कणातून आलेल्या नसतात. दोन वेगवेगळ्या कणांच्या विघटनांतून आलेले म्यूऑनही योगायोगाने त्या वस्तुमानाची जोडी बनवतात. ही पार्श्वभूमी. ती किती आहे हे शिखराच्या आत पाहून कळत नाही, शेजारी पाहून कळतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूर स्टेशनवर उतरलेल्या लोकांपैकी दीक्षाभूमीसाठी किती आले हे काढायचं तर त्याआधीच्या आणि नंतरच्या साध्या दिवसांची नेहमीची गर्दी मोजून वजा करावी लागेल. इथेही तसंच.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. जे-सायसाठी ३.० ते ३.२ ही खिडकी धरली आणि तीत ५२०० जोड्या मिळाल्या. शेजारचे २.८ ते २.९ आणि ३.३ ते ३.४ हे दोन पट्टे मिळून रुंदी खिडकीएवढीच, त्यांत १२०० जोड्या. मग जे-साय झाले ४०००. अनिश्चितता ५२०० अधिक १२०० यांचं वर्गमूळ, म्हणजे ८०. उत्तर ४००० अधिक-उणे ८० असंच लिहा. अनिश्चिततेशिवाय लिहिलेला आकडा आमच्या वर्गात मी तपासतही नाही.

दुसरी तपासणी: समान विद्युतभाराच्या जोड्यांचा आलेख त्याच अक्षांवर काढा. जे-साय किंवा झेड उदासीन आहेत, त्यांच्यातून दोन धन म्यूऑन निघू शकत नाहीत. त्या आलेखात ही शिखरं नाहीशी झाली पाहिजेत. तिथेही शिखर उभं राहिलं तर प्रोग्राममध्ये चूक शोधा.

मग शिखराला वक्र बसवा आणि त्याच्या रुंदीकडे लक्ष द्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो. जे-सायची नैसर्गिक रुंदी ०.१ एमईव्हीपेक्षाही (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) कमी आहे, पण तुमच्या आलेखात तो काही दशक एमईव्ही रुंद दिसेल. म्हणजे दिसणारी जवळजवळ सगळी रुंदी डिटेक्टरची आहे, कणाची नाही. झेडची नैसर्गिक रुंदी मात्र २.५ जीईव्ही, डिटेक्टरच्या धूसरपणाशी तुलना करता येईल एवढी. म्हणून जे-सायला गॉसियन वक्र बऱ्यापैकी बसतो, आणि झेडला ब्राइट-विग्नर (अल्पायुषी कणाच्या शिखराचा नैसर्गिक आकार) व गॉसियन यांचं मिश्रण लागतं. एकाच डिटेक्टरमधून आलेली दोन शिखरं, एक यंत्राबद्दल सांगतं आणि दुसरं निसर्गाबद्दलही. ईटा लहान असलेल्या आणि मोठ्या असलेल्या म्यूऑनांचे आलेख वेगवेगळे काढून जे-सायची रुंदी मोजा. डिटेक्टर कुठे किती तीक्ष्ण पाहतो ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून कळेल.

किती होते आणि किती दिसले

मोजलेल्या संख्येवरून निसर्गात ती प्रक्रिया किती वेळा घडते हे काढायचं तर तीन गोष्टी हव्यात: मोजलेली संख्या, त्यातल्या किती आपल्याला दिसू शकतात ते प्रमाण, आणि एकूण किती टकरींची संधी मिळाली ते माप, म्हणजे ल्युमिनॉसिटी. मोजलेली संख्या उरलेल्या दोघांच्या गुणाकाराने भागली की क्रॉस सेक्शन, म्हणजे ती प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप, मिळतो; ते पिकोबार्न या एककात मोजतात. समजा, पार्श्वभूमी वजा करून ४०,००० झेड, दिसण्याचं प्रमाण ०.४, ल्युमिनॉसिटी १०० प्रति पिकोबार्न. उत्तर १००० पिकोबार्न. भागाकार शाळेतला आहे, कष्ट सगळे भाजकात आहेत.

दिसण्याचं प्रमाण काढायला सिम्युलेशन लागतं. पिथिया किंवा मॅडग्राफसारखा प्रोग्राम टक्कर निर्माण करतो, जिअँट-४ त्यातला प्रत्येक कण डिटेक्टरच्या प्रत्येक थरातून चालवतो, आणि पुढे त्या बनावट घटना खऱ्या घटनांसारख्याच पुनर्रचनेतून जातात. पण सिम्युलेशनवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. टॅग अँड प्रोब नावाची सुंदर युक्ती आहे. झेडच्या घटनेत एक म्यूऑन अगदी कडक अटींनी ओळखा, हा टॅग. दुसरा फक्त ट्रॅकरमधला मार्ग म्हणून घ्या, हा प्रोब. दोघांचं वस्तुमान ९१ च्या जवळ आलं तर दुसराही बहुधा म्यूऑनच आहे. आता पाहा, म्यूऑन ओळखण्याच्या अटीत असे किती प्रोब उत्तीर्ण होतात. खऱ्या डेटातूनच कार्यक्षमता निघाली.

एक सावधगिरी. वर सांगितलेली सीएसव्ही शिकण्यासाठी निवडून ठेवलेला नमुना आहे. तिच्यातून शिखराची जागा आणि रुंदी काढा, क्रॉस सेक्शन काढू नका. तिच्यातल्या एक लाख घटनांना ल्युमिनॉसिटीचा अर्थ नाही.

चुका जिथे लपतात

डेटा वाढवला की सांख्यिकीय अनिश्चितता कमी होते. मोजमापातच असलेली चूक डेटा वाढवून जात नाही. तिची यादी करावी लागते आणि एकेक बाब हलवून उत्तर किती हलतं ते पाहावं लागतं. संवेगाचं माप ०.२ टक्क्यांनी वाढवून झेडचं वस्तुमान पुन्हा काढा. खिडकी थोडी रुंद करा. पार्श्वभूमीला सरळ रेषेऐवजी घातांकी वक्र लावा. प्रत्येक फरक तक्त्यात लिहा. कंटाळवाणं वाटलं तरी पूर्ण करा, कारण निकालाची खरी किंमत या तक्त्यात असते.

त्याच बोगद्यात आधी असलेल्या लेप या यंत्राचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. झेडचं वस्तुमान अतिशय अचूक मोजताना झोताची ऊर्जा तासातासाला थोडी हलताना दिसली. चंद्राच्या ओढीने जमीनही भरती-ओहोटीसारखी किंचित वर-खाली होते, त्याने २७ किलोमीटरच्या परिघात मिलिमीटरभर फरक पडतो आणि ऊर्जा बदलते, हे त्यातलं एक कारण निघालं. दुसरं कारण जवळून जाणारी विद्युत रेल्वे. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह यंत्राच्या चुंबकांपर्यंत पोचत होता. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं. आकडेवारी भक्कम होती. पुढे एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती असं आढळलं आणि निकाल गेला.

पाच सिग्मा कशासाठी

एखाद्या खिडकीत पार्श्वभूमी १०० अपेक्षित आहे आणि मोजले १३०. शंभराचं वर्गमूळ १०, एवढी चढउतार नेहमीचीच, तिला एक सिग्मा म्हणतात. म्हणजे उसळी तीन सिग्माची. चौपट डेटा आल्यावर उसळी खरी असेल तर ४०० च्या जागी ५२० दिसतील, आणि ती सहा सिग्मा होईल. खोटी असेल तर ४०० च्या आसपास विरघळेल.

योगायोगाने पाच सिग्मा किंवा त्याहून मोठी उसळी येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. एवढी कडक अट का, याची उत्तरं इतिहासात आहेत. १९७६ मध्ये फर्मीलॅबच्या एका गटाने ६ जीईव्हीला नवा कण दिसल्याचं जाहीर केलं. डेटा वाढला तसा तो नाहीसा झाला, आणि त्याच गटाला पुढच्या वर्षी ९.५ ला खरा अप्सिलॉन मिळाला. डिसेंबर २०१५ मध्ये अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उसळी दिसली. शेकडो सैद्धांतिक निबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत नव्या डेटात ती उरली नाही. तुम्ही शंभर खिडक्या पाहिल्या तर त्यांतल्या दोनेक खिडक्यांत निव्वळ योगायोगाने दोन सिग्माच्या वरची उसळी येणारच. म्हणून किती ठिकाणी शोधलं हेही निकालात धरावं लागतं.

माणसाला हवं ते दिसतं, आणि त्यावर उपाय म्हणून आंधळं विश्लेषण करतात. निवडीच्या अटी, पार्श्वभूमीची पद्धत, अनिश्चिततांचा तक्ता, सगळं आधी ठरवायचं, सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायचं आणि मगच हव्या त्या खिडकीतला डेटा उघडायचा. तुम्ही दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर हे आजच करता येईल. एकाने अटी लिहून तारखेसह सही करावी. दुसऱ्याने प्रोग्राम न पाहता, फक्त लिहिलेल्या अटींवरून, स्वतःचा प्रोग्राम लिहावा. दोघांच्या संख्या शेवटच्या घटनेपर्यंत जुळल्या पाहिजेत. मोठ्या प्रयोगांतही जवळपास असंच चालतं: दुसऱ्या गटाची पडताळणी, मग प्रयोगाच्या आतल्या समितीचे प्रश्न, मग सगळ्या सदस्यांच्या शेऱ्यांची उत्तरं, आणि त्यानंतर निबंध बाहेर पडतो.

वही ठेवा. प्रत्येक आलेखावर फाइलचं नाव, वर्ष, निवडीच्या अटी आणि तारीख लिहा. तीन महिन्यांनी तुम्ही स्वतःच तो आलेख पुन्हा काढू शकला नाहीत तर तो कोणाला दाखवू नका.

पुढचं काम

भारत जानेवारी २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला. सीएमएसमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, पंजाब विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि पुण्याची आयसर यांसारख्या संस्थांचे गट काम करतात. तिथे पीएचडीच्या मुलाखतीला जाताना स्वतः काढलेला दोन म्यूऑनांचा आलेख, त्यातल्या एका शिखराचा नीट केलेला फिट आणि अनिश्चिततांचा तक्ता बरोबर न्या. सूत्र तोंडपाठ सांगण्यापेक्षा त्या तक्त्यावर बोलणं खूप लांब जातं, आणि ते बोलणं तुमचं स्वतःचं असतं.

दोन म्यूऑनांचं काम हाताखालून गेलं की चार लेप्टॉनांकडे (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) वळा. ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेल्या हिग्जच्या शोधात दोन फोटॉनांइतकाच हा मार्ग महत्त्वाचा होता, आणि २०११-१२ च्या खुल्या डेटावरचं त्याचं उदाहरण पोर्टलवर आहे. इथे लाखो घटना मिळणार नाहीत. सगळ्या अटींनंतर मूठभर उरतात, त्यामुळे वर्गमूळाचा नियमही जपून वापरावा लागतो आणि पॉइसन वितरणाकडे यावं लागतं. सुरुवात १२५ जीईव्हीपासून करू नका. झेड कधीकधी चार लेप्टॉनांतही विघटित होतो, त्याचं छोटं शिखर ९१ ला येतं. आधी ते तुमच्या आलेखात योग्य जागी आणि सिम्युलेशनने सांगितलेल्या उंचीचं मिळतं का ते पाहा. मिळालं नाही तर निवडीच्या अटींकडे परत जा, आणि तोवर १२० ते १३० ची खिडकी झाकलेली ठेवा.